मोटारीतील वाटाड्या : जुळवणी प्रदेशाची आणि पडद्याची

पूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणाहून एखादा अधिकारी दौऱ्यावर निघाला, की तालुक्याच्या पुढे त्याची जीप वाटाड्यावाचून सरकत नसे. वेशीवरच्या चहाच्या टपरीपाशी गाडी थांबे, चौकशी होई आणि कोणी जाणता माणूस चालकाशेजारी येऊन बसे. वडाच्या झाडापाशी उजवीकडे वळावयाचे, की ओढा ओलांडून सरळ जावयाचे, हे तो सांगे. चालकाची भाषा त्याला येत असे, गाडी कोणत्या वाटेने जाईल याचा त्याला अंदाज असे आणि काळोखात किती आधी सूचना द्यावी हेही त्याला कळत असे. आज ती जागा बव्हंशी एका लहानशा पडद्याने घेतली आहे. मोटारीत बसविलेली मार्गदर्शक यंत्रणा, अथवा मोटारीच्या पडद्याला जोडलेला भ्रमणध्वनी, हाच आजचा वाटाड्या होय.

हा नवा वाटाड्या फार हुशार असला, तरी आपण कोणाला वाट दाखवीत आहोत, हे त्याला आपण होऊन कळत नाही. त्याचा धनी मराठी वाचतो की इंग्रजी, अंतर किलोमीटरमध्ये मोजतो की मैलांत, त्याचे घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेवर चालते, त्याच्या डोळ्यांना किती उजेड सोसतो, हे सारे त्याला सांगावे लागते. हे सांगणे म्हणजेच यंत्राची जुळवणी, किंवा रूढ शब्दात सेटिंग. बहुतेक मोटारींमध्ये यंत्र कारखान्यातून किंवा दुकानातून ज्या स्थितीत आले, त्याच स्थितीत वर्षानुवर्षे वापरले जाते. खाजगी सहलीत त्यामुळे फार तर थोडा वेळ वाया जाईल. परंतु रुग्णवाहिका, पूरग्रस्त गावाकडे निघालेले पथक, मतदान केंद्रावर जाणारी गाडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राची जीप यांच्या बाबतीत तोच वेळ मोलाचा असतो. म्हणून या जुळवणीची माहिती चालकापुरती मर्यादित न राहता, गाडी ज्यांच्या ताब्यात असते त्या अधिकाऱ्यांना व पंचायतीच्या सदस्यांनाही असणे आवश्यक आहे.

यंत्राला काय ठाऊक असते?

मोटारीतील यंत्र उपग्रहांकडून येणारे संदेश ग्रहण करते. अमेरिकेच्या जी. पी. एस. या व्यवस्थेतील पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि ही व्यवस्था पूर्णपणे कार्यान्वित झाल्याचे १९९५ मध्ये जाहीर झाले. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. मे २००० पर्यंत नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम अशुद्धता ठेवली जात असे. ती काढून टाकल्यानंतर मोटारीतील मार्गदर्शनाला खरा वेग आला. रशिया, चीन व युरोप यांच्याही अशाच व्यवस्था आहेत. भारताने आपल्या प्रादेशिक व्यवस्थेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. पुढे २०१६ मध्ये या व्यवस्थेला 'नाविक' हे अन्वर्थक नाव देण्यात आले.

यंत्राला किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की त्यावरून ते आपले स्थान व अचूक वेळ काढते. मोकळ्या आकाशाखाली साध्या भ्रमणध्वनीलाही सुमारे पाच मीटरपर्यंतची अचूकता लाभते. मात्र उपग्रहाकडून मिळते ती माहिती एवढीच : अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. गावाचे नाव, रस्त्याचा क्रमांक, अंतराचे एकक, बाणाची दिशा, पडद्याचा रंग यांतले काहीही आकाशातून येत नाही. नाव आणि रस्ता यंत्रातील नकाशातून येतात. उरलेले सारे यंत्राच्या जुळवणीतून. ही विभागणी एकदा ध्यानात आली, म्हणजे चूक झाली असता ती कोठे शोधावी हेही उमगते.

भाषा : पडद्याची, आवाजाची आणि नकाशाची

यंत्राची भाषा बदलणे हे सर्वात सोपे काम समजले जाते. पण येथेच पहिला घोटाळा होतो. पडद्यावरील सूचनांची भाषा, ध्वनिसूचनांची भाषा, नकाशावरील नावांची लिपी आणि टंकनाची कळपाटी या चारही गोष्टी अनेक यंत्रांत निरनिराळ्या ठिकाणी बदलाव्या लागतात. पडदा मराठीत दिसू लागला, तरी आवाज इंग्रजीतच राहू शकतो. चालकाच्या दृष्टीने आवाजाची भाषा अधिक महत्त्वाची. कारण चालत्या गाडीत त्याने ऐकावयाचे असते, वाचावयाचे नसते. ज्या यंत्रात मराठी आवाज उपलब्ध नसेल, तेथे चालकाला सहज उमगणारी दुसरी भाषा निवडावी. 'एक्झिट' किंवा 'स्लाइट लेफ्ट' असे शब्द ऐकून जो क्षणभर अडखळतो, त्याच्यासाठी ते मार्गदर्शन क्षणभर उशिराचेच ठरते.

नावांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. महाराष्ट्रात एकाच नावाची गावे व तालुके कितीतरी आहेत. कर्जत रायगड जिल्ह्यात आहे, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. खेड पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही. कळंब धाराशिवमध्ये आहे व यवतमाळमध्येही. केवळ गावाचे नाव टाकून पडद्यावर पहिल्याने उमटलेले नाव स्वीकारणे धोक्याचे आहे. तालुका व जिल्हा पाहिल्याशिवाय प्रवासाला आरंभ करू नये.

जुना नकाशा असलेल्या यंत्रात औरंगाबाद, उस्मानाबाद व अहमदनगर अशी पूर्वीची नावे आढळतील. नव्या यंत्रात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव व अहिल्यानगर. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांकही २०१० मध्ये नव्याने लावण्यात आले. मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी १७ क्रमांकाचा होता, तो ६६ क्रमांकाचा झाला. तेव्हा शोध लागत नसल्यास यंत्र बिघडले असे न मानता, जुने नाव टाकून पाहावे आणि नकाशाची आवृत्ती नवी करून घ्यावी.

गावाच्या नावाबरोबर पिनकोड दिल्यास शोध पुष्कळसा नेमका होतो. हे सहा अंकी संकेत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात लागू झाले. त्यांची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी मराठी होते आणि संस्कृत पंडित म्हणूनही प्रसिद्ध होते. तथापि पिनकोड हा टपाल कार्यालयाच्या वाटपक्षेत्राचा असतो, एका गावाचा नव्हे. एकाच संकेताखाली अनेक वाड्या व गावे येतात. म्हणून तो नावाला पूरक म्हणून वापरावा, नावाऐवजी नव्हे.

मैल की किलोमीटर?

आपल्या देशात वजनमापांच्या दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला. रस्त्यावरील मैल हळूहळू गेले. 'मैलाचा दगड' हा वाक्प्रचार तेवढा भाषेत मागे राहिला. परंतु अमेरिका व ब्रिटन या देशांत रस्त्यावरील अंतरे अद्यापि मैलांतच मोजली जातात. त्यामुळे तेथील पद्धत धरून तयार झालेले यंत्र, किंवा ज्या भ्रमणध्वनीचा 'प्रदेश' परदेशाचा ठेवलेला आहे असा संच, आपल्याकडेही मैल, यार्ड व फूट दाखवितो.

यातील धोका वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. यंत्राने 'तीनशे यार्डांवर वळा' असे सांगितले, तर ते अंतर सुमारे २७४ मीटर असते. चालकाने ते मीटर समजले, तरी फार बिघडत नाही. वेगाचे मात्र तसे नाही. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असताना मैलांत जुळविलेले यंत्र ५० हा आकडा दाखविते. ज्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आहे, तेथे असा आकडा पाहून चालक निर्धास्त राहील आणि शाळेच्या दारावरून मर्यादेच्या दीडपटीहून अधिक वेगाने निघून जाईल. काही यंत्रांत अंतराचे व वेगाचे एकक स्वतंत्रपणे निवडावे लागते. एक बदलले म्हणजे दुसरे बदललेच, असे गृहीत धरू नये. यंत्रातील वेग मोटारीच्या वेगदर्शकाशी ताडून पाहणे, हीच याची सोपी परीक्षा होय. दोहोंत दोनचार किलोमीटरचा फरक असल्यास तो स्वाभाविक समजावा. फरक दीडपटीचा दिसला, तर एकक चुकले आहे.

इंधनाच्या बाबतीतही हाच प्रकार आहे. आपल्याकडे एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, हे पाहण्याची रीत आहे. युरोपीय पद्धतीत १०० किलोमीटरला किती लिटर लागले, हे पाहतात. आपल्याकडे आकडा मोठा तेवढा चांगला. त्यांच्याकडे लहान तेवढा चांगला. लिटरला २० किलोमीटर धावणारी गाडी त्या पद्धतीत ५ हा आकडा दाखविते. शासकीय गाडीच्या नोंदवहीत असा आकडा एकक न पाहता उतरविला गेला, तर लेखापरीक्षणाच्या वेळी नाहक खुलासे करावे लागतात.

वेळ आणि तारीख

उपग्रहाच्या संदेशातून मिळणारी वेळ जागतिक वेळेशी निगडित असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ही वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली असून, ती १९०६ पासून अमलात आली. मुंबईने मात्र आपली स्वतंत्र 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकवून ठेवली होती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. एका शहरात दोन घड्याळे चालत असता लोकांची जी त्रेधा उडत असेल, ती आज चुकीच्या कालविभागावर ठेवलेल्या यंत्रामुळे उडते.

मार्ग दाखविताना यंत्र पोहोचण्याची अपेक्षित वेळ सांगते. कालविभाग निवडलेला नसेल, तर सकाळी ९ वाजता पोहोचणाऱ्या गाडीची वेळ पडद्यावर ३.३० अशी दिसेल. ही चूक निदान लगेच नजरेस येते. नोंदींमधील चूक येत नाही. समजा, एखादी रुग्णवाहिका २ तारखेच्या पहाटे ४ वाजता गावात पोहोचली. यंत्रातील नोंद जागतिक वेळेप्रमाणे असल्यास ती १ तारखेच्या रात्री १०.३० ची दिसेल. वेळच नव्हे, तर तारीखही बदलली. उद्या रुग्णाच्या नातेवाइकांनी विलंबाची तक्रार केली आणि चौकशी झाली, तर या नोंदीवरून चालकावर अन्याय होऊ शकतो, किंवा खरा विलंब झाकलाही जाऊ शकतो. तारखेच्या मांडणीचेही असेच आहे. ०३/०४ ही आपल्याकडे ३ एप्रिल. अमेरिकी पद्धतीत ती ४ मार्च होते. शासकीय कामासाठी दिवस-महिना-वर्ष हा क्रम आणि चोवीस तासांचे घड्याळ ठेवणे श्रेयस्कर.

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या दोन रीती

दुर्गम वस्तीला, शेतातील विहिरीला किंवा डोंगरातल्या पाड्याला पत्ता नसतो. अशा ठिकाणी अक्षांश व रेखांश देऊन गाडी नेता येते. पण हे आकडे लिहिण्याच्या रीती एकाहून अधिक आहेत आणि यंत्रात त्यांपैकी कोणती निवडली आहे, हे पाहिल्याशिवाय आकडे टाकणे धोक्याचे असते.

पुणे शहराचे स्थान एका रीतीने १८.५२ अंश उत्तर असे लिहिले जाते. दुसऱ्या रीतीने तेच १८ अंश ३१ मिनिटे असे होते; कारण एका अंशात ६० मिनिटे असतात व ०.५२ अंश म्हणजे सुमारे ३१ मिनिटे. आता '१८ अंश ३१ मिनिटे' हे कोणी दशांश चिन्ह देऊन १८.३१ असे टाकले, तर काय होईल? एक अक्षांश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. त्या हिशेबाने गाडी २३ किलोमीटर दक्षिणेकडे जाईल. रात्रीच्या वेळी, घाटरस्त्यात, रुग्णाला आणावयाला निघालेल्या गाडीसाठी २३ किलोमीटर हे अंतर थोडे नव्हे.

आकड्यांचा क्रम हाही असाच महत्त्वाचा आहे. आधी अक्षांश, मग रेखांश ही रूढ पद्धत. पुण्याचे १८.५२ व ७३.८६ हे आकडे उलटे टाकले, तर यंत्र नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात, ध्रुववृत्ताच्याही पलीकडे बोट ठेवील. ही चूक कोणालाही कळेल. पण आधीची २३ किलोमीटरची चूक नकाशावर खपून जाते, म्हणून ती अधिक घातक आहे.

जुन्या सर्वेक्षण नकाशांवरून आकडे घेणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. भारताच्या महासर्वेक्षणाला १८०२ मध्ये मद्रास येथून प्रारंभ झाला. त्याचा पाया घालणारे विल्यम लॅम्ब्टन यांचा १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे सर्वेक्षणाच्या कामावर असतानाच मृत्यू झाला. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला, त्यावर पुढील दीडशे वर्षांचे भारतीय नकाशे आधारलेले आहेत. उपग्रहांची व्यवस्था मात्र 'डब्ल्यू. जी. एस. ८४' हा निराळा आकार धरते. त्यामुळे जुन्या नकाशावरील आकडे जसेच्या तसे यंत्रात टाकल्यास शेकडो फुटांचा फरक पडू शकतो. काही यंत्रांत हा आधार बदलण्याची सोय असते. नेहमीच्या प्रवासासाठी 'डब्ल्यू. जी. एस. ८४' हाच ठेवावा.

पडदा : दोन सेकंदांचा हिशेब

पडद्याच्या जुळवणीकडे वळण्यापूर्वी एक साधा हिशेब करावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. चालकाची नजर दोन सेकंद पडद्यावर राहिली, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत एका वेळी दोन सेकंदांहून अधिक काळ नजर रस्त्यावरून हटू नये, असे म्हटले आहे. पडद्याची सारी जुळवणी या दोन सेकंदांसाठीच असते. जे एका दृष्टिक्षेपात वाचता येत नाही, ते चालकाच्या उपयोगाचे नाही.

नकाशाची दिशा हा यातील पहिला प्रश्न. शाळेच्या भिंतीवरील नकाशात उत्तर दिशा वर असते आणि गावनकाशातही बहुधा तसेच असते. यंत्रातही 'उत्तर वर' हा पर्याय असतो. गाडी दक्षिणेकडे चालली असता या पर्यायात बाण खाली सरकताना दिसतो आणि पडद्यावरचे डावे वळण प्रत्यक्षात उजवे ठरते. सराव नसलेला चालक नेमका येथेच चुकतो. 'प्रवासाची दिशा वर' हा पर्याय ठेवल्यास नकाशा गाडीबरोबर फिरतो. डावे ते डावे व उजवे ते उजवे राहते. चालकासाठी हाच पर्याय योग्य. शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र परिसराचा एकूण अदमास घ्यावयाचा असेल, किंवा हातातील तालुक्याच्या नकाशाशी पडदा ताडून पाहावयाचा असेल, तर 'उत्तर वर' हा पर्याय उपयुक्त. तेवढ्यापुरता तो निवडावा आणि पाहून झाल्यावर पूर्ववत करावा.

दुसरा प्रश्न उजेडाचा. दिवसा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा नकाशा स्पष्ट दिसतो. रात्री तोच पडदा डोळे दिपवितो आणि त्यावरून नजर उचलून रस्त्याकडे पाहिले, की काही क्षण अंधाराखेरीज काही दिसत नाही. मानवी डोळ्याला अंधाराची पुरती सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. वाढत्या वयात हा वेळ अधिक लागतो. बैलगाडी, मागील दिवा नसलेला ट्रॅक्टर, रस्त्यावर बसलेली जनावरे, हे सारे अशा वेळीच समोर येते. म्हणून रात्री गडद पार्श्वभूमीचा नकाशा हवा आणि त्याशिवाय पडद्याची प्रखरताही कमी करावयास हवी. हे दोन निरनिराळे पर्याय आहेत. रंग आपोआप बदलण्याची सोय असल्यास ती चालू ठेवावी. हा बदल काही यंत्रांत सूर्यास्ताच्या गणितावरून, काहींत गाडीचे दिवे लावल्यावरून, तर काहींत बाहेरील उजेडावरून होतो. गणितावरून होत असल्यास घड्याळ व कालविभाग बरोबर असावा लागतो; नाहीतर भर दुपारी पडदा काळा पडतो.

विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्याचा येथे स्वतंत्र उल्लेख करणे अगत्याचे आहे. काचेला चिकटविलेला भ्रमणध्वनी उन्हाने तापला, म्हणजे स्वसंरक्षणासाठी तो पडद्याची प्रखरता आपण होऊन कमी करतो, क्वचित बंदही पडतो. त्या वेळी जुळवणी कितीही बदलली तरी उपयोग होत नाही. त्याची जागा बदलणे, सावलीत किंवा वातानुकूलनाच्या झोताजवळ तो बसविणे, हाच उपाय होय. मात्र तो समोरच्या काचेतून दिसणाऱ्या रस्त्याच्या आड येता कामा नये.

तिसरा प्रश्न तपशिलाचा. नकाशावर उपाहारगृहे, दुकाने, प्रेक्षणीय स्थळे यांची चिन्हे दाखविण्याची सोय असते. यांतील बहुतेक बंद ठेवावीत. पेट्रोल पंप व रुग्णालय तेवढे पुरे. अक्षरे मोठी ठेवावीत. वाहतुकीची कोंडी तांबड्या-हिरव्या रंगांनी दाखविली जाते. तांबडा व हिरवा यांतील भेद न ओळखता येण्याचे प्रमाण पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बरेच अधिक आहे; अशा चालकाने आवाजी सूचनांवर भर द्यावा, अथवा यंत्रात निराळी रंगयोजना असल्यास ती निवडावी.

ही सारी जुळवणी गाडी उभी असतानाच करावी. वाहनचालकाने हातातील संपर्कसाधन केवळ मार्ग पाहण्यापुरते आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरावे, अशी तरतूद मोटार वाहन नियमांत ऑक्टोबर २०२० पासून अमलात आली आहे.

संपर्क नसलेल्या मुलखात

मेळघाटात किंवा भामरागडच्या बाजूला भ्रमणध्वनीचा संपर्क तुटला, की यंत्रही निकामी होते, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. उपग्रहाचा संदेश एकतर्फी असतो आणि त्याला भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याची गरज नसते. स्थान कळतच राहते. नाहीसा होतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून तुकड्यातुकड्याने येत असतो. म्हणून दौऱ्याला निघण्यापूर्वी त्या जिल्ह्याचा नकाशा यंत्रात उतरवून ठेवावा. बोगद्यात मात्र उलट स्थिती असते. तेथे नकाशा असतो, पण उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही. बाहेर येताच पहिल्या काही क्षणांची सूचना सावधपणे घ्यावी.

मार्गाच्या निवडीचे पर्यायही प्रदेशाप्रमाणे बदलावे लागतात. 'जलवाहतूक टाळा' हा पर्याय चालू ठेवून कोकणात फिरणाऱ्यास दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जाण्यासाठी यंत्र फेरीबोट सोडून खाडीला लांबलचक वळसा घालावयास लावील. उलट, तो पर्याय बंद असेल, तर शेवटची फेरी निघून गेल्यावरही ते गाडीला धक्क्यावर नेऊन उभे करील. 'कमी अंतर' व 'कमी वेळ' यांतील निवडही अशीच. कमी अंतराचा मार्ग पाणंद रस्त्यानेही जाऊ शकतो. पावसाळ्यात तो टाळलेला बरा.

जुळवणीची मर्यादा

येथवर सांगितलेली प्रत्येक जुळवणी अचूक केली, तरी एक गोष्ट उरतेच. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी यंत्राने दाखविलेल्या जवळच्या मार्गाने निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून पाण्यात शिरली आणि एकास प्राण गमवावे लागले. तो पूल वर्षातील काही महिने पाण्याखाली असतो, हे परिसरातील लोकांना ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीनजीक रामगंगा नदीवरील तुटलेल्या पुलावरून मोटार कोसळून तिघांचा मृत्यू झाला. या दोन्ही ठिकाणी यंत्राची भाषा, एकक वा पडदा यांचा प्रश्न नव्हता. गावाला जे ठाऊक होते, ते नकाशाला ठाऊक नव्हते.

ही उणीव भरून काढणे गावाच्याच हाती आहे. पाण्याखाली जाणारा पूल, खचलेला रस्ता, बंद झालेली पाणंद यांची सूचना नकाशा पुरविणाऱ्या यंत्रणेला कळविण्याची सोय बहुतेक नकाशांत असते. ग्रामपंचायतीने एका जाणत्या तरुणाकडे हे काम सोपवावे. परंतु तेवढ्यावर विसंबू नये. रस्ता बंद असल्याचा, रात्री चकाकणारा फलक व आडवा अडथळा पुलाच्या अलीकडे, गाडी वळविता येईल अशा जागी लावण्याबाबत संबंधित बांधकाम विभागाकडे पाठपुरावा करावा. आरोग्य उपकेंद्र, शाळा, वाड्या-पाडे यांची अक्षांश-रेखांशे एकदा प्रत्यक्ष जागेवर उभे राहून घ्यावीत आणि ती दशांश रीतीने लिहून पंचायतीच्या फलकावर लावावीत. संकटाच्या वेळी रुग्णवाहिकेला दूरध्वनीवरून हे आकडे सांगता येतील.

शिक्षकांना यातून भूगोलाचा एक चांगला पाठ घेता येईल. शाळेच्या पटांगणात उभे राहून यंत्रातील आकडे विद्यार्थ्यांना लिहून घेण्यास सांगावे. मग पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ते पुन्हा लिहावेत. दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक सुमारे १११ मीटरचा, चौथा ११ मीटरचा आणि पाचवा सुमारे १ मीटरचा फरक दाखवितो, हे मुलांना स्वतःच्या पावलांनी मोजून पाहता येईल. त्यानंतर तेच आकडे अंश-मिनिटांत बदलून घ्यावेत. पुस्तकात रेषा म्हणून पाहिलेले अक्षांश-रेखांश आपल्या अंगणातूनही जातात, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

निघण्यापूर्वी पाहावयाच्या बाबी

१) आवाजाची भाषा चालकाला समजणारी आहे काय?
२) अंतर किलोमीटरमध्ये आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये दिसतो काय? वेगदर्शकाशी तो जुळतो काय?
३) घड्याळ भारतीय प्रमाणवेळ दाखविते काय? तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा आहे काय?
४) अक्षांश-रेखांश कोणत्या रीतीने लिहिलेले आहेत आणि यंत्रात कोणती रीत निवडली आहे?
५) गावाबरोबर तालुका व जिल्हा ताडून पाहिला काय?
६) नकाशा प्रवासाच्या दिशेप्रमाणे फिरतो काय? रात्री त्याचा रंग व प्रखरता बदलते काय?
७) संपर्क नसलेल्या भागाचा नकाशा उतरवून घेतला काय?
८) पुढील रस्ता व पूल चालू असल्याची त्या गावातील कोणाकडून खात्री करून घेतली काय?

पहिल्या सात बाबींना उभ्या गाडीत दहा मिनिटे पुरतात. आठवीसाठी एक दूरध्वनी करावा लागतो, किंवा वेशीवरच्या टपरीपाशी गाडी थांबवून, काच खाली करून विचारावे लागते. शासकीय गाडीच्या चालकांना ही यादी मराठीत छापून दिल्यास आणि दर महिन्याच्या गाडी-तपासणीत तिचा समावेश केल्यास या यंत्राचा खरा उपयोग ज्या गावांना हवा आहे, त्या गावांपर्यंत तो पोहोचेल.